तुमच्या डॉट बॅशआरसीत काय काय आहे?

अक्षरजुळारी
सोमवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी,

मी पुण्यात पुस्तकांची अक्षरजुळणी करतो. लेखकांचा मजकूर कधी युनिकोडमध्ये येतो, कधी जुन्या फाँटात, कधी वर्डच्या फाइलीत, तर कधी व्हॉट्सॅपवर तुकड्यातुकड्यांनी. तो सगळा एका साच्यात आणणं हे माझं निम्मं काम, आणि ते मी उबुंटूवर, टर्मिनलमध्येच करतो. दिवाळी अंकांची धांदल सुरू झाली की मान वर करायला फुरसत नसते. म्हणून आत्ताच साफसफाई काढली आहे. इकडून तिकडून ओळी उचलून माझी बॅशआरसी फाइल (टर्मिनलमधल्या आज्ञा चालवणारा बॅश हा शेल सुरू होताना वाचतो ती सेटिंगची फाइल) वर्षानुवर्षं फुगली आहे, ती आवरायची आहे.

(आज्ञा इथे उच्चाराप्रमाणे लिहितो आहे. टंकताना अर्थात रोमन.)

कुठून सुरुवात करावी कळेना, म्हणून आधी मोजणी केली. हिस्ट्रीचं, म्हणजे आजवर दिलेल्या आज्ञांच्या नोंदीचं, आउटपुट ऑकला देऊन फक्त आज्ञेचं नाव वेगळं काढलं, सॉर्ट केलं, युनिकला डॅश सी लावून मोजलं, पुन्हा उतरत्या क्रमाने लावलं आणि वरच्या वीस ओळी पाहिल्या. म्हणजे गेल्या वर्षभरात मी सगळ्यांत जास्त वेळा काय टंकलं ते. पहिल्या तिघांत सीडी (फोल्डर बदलणारी), एलएस (फाइलींची यादी देणारी) आणि ग्रेप (फाइलींत शब्द शोधणारी). चौथ्या जागी 'ते'.

'ते' नावाची आज्ञाच नाही. मग लक्षात आलं. मी मराठी इन्स्क्रिप्ट कळफलकावर टंकतो. प्रूफ दुरुस्त करून टर्मिनलवर आलो की कळफलक रोमनवर न्यायचा राहून जातो. इन्स्क्रिप्टमध्ये एलच्या कळीवर त आहे आणि एसच्या कळीवर एक मात्रा. एलएस दाबलं की 'ते' उमटतं. सीडी दाबलं की 'म्'. गिट (फाइलींच्या आवृत्त्या सांभाळणारी आज्ञा) दाबलं की 'ुगू'. बॅश म्हणतो अशी आज्ञा नाही, मी कळफलक बदलतो, पुन्हा टंकतो. दिवसातून किती वेळा हे होत होतं ते मोजेपर्यंत जाणवलंच नव्हतं.

तीन ओळी घातल्या, आज्ञेला दुसरं नाव देणाऱ्या: एलियास 'ते' म्हणजे एलएस, एलियास 'म्' म्हणजे सीडी, एलियास 'ुगू' म्हणजे गिट. एलियासच्या आणि फंक्शनच्या नावात बॅशला देवनागरी चालते, व्हेरिएबलच्या नावात नाही. आता 'म् ..' दाबलं की एक फोल्डर वर जातो, कारण टिंबाची कळ दोन्ही कळफलकांत टिंबच देते.

फाइलीतल्या बाकीच्या दोनशे ओळींनी मिळून माझे इतके कष्ट वाचवले नव्हते. त्या दुसऱ्या कुणाच्या तरी कामासाठी लिहिलेल्या होत्या. म्हणून विचारतो: तुमच्या हाताला, तुमच्या कामाला धरून आलेल्या ओळी कोणत्या? उचललेल्या सांगू नका.

एक अडचणही आहे. ग्रेपने 'बऱ्याच' शोधलं की काही फाइलींत सापडतं, काहींत नाही. डोळ्यांना शब्द समोर दिसतो आणि ग्रेप म्हणतो नाही. कुणाला माहीत आहे का?

---

सातपुडा
सोमवार, रात्री १०:१५

अक्षरजुळारी, मोजणीची कल्पना फार आवडली, पण ती वर्षभराची नसणार. उबुंटूच्या मूळ बॅशआरसीत हिस्टसाइज (किती आज्ञा लक्षात ठेवायच्या) १००० आणि हिस्टफाइलसाइज (किती फाइलीत ठेवायच्या) २००० असतो. दिवसाला शंभर आज्ञा दिल्या तर वीस दिवसांत जुन्या गळायला लागतात. काहीच लिहिलं नसेल तर बॅश फक्त ५०० ठेवतो.

माझ्या फाइलीत सगळ्यांत वर हिस्ट्रीच्याच ओळी आहेत. दोन्ही आकडे उणे एक, म्हणजे मर्यादा नाही. हे बॅश ४.३ पासून चालतं. हिस्टटाइमफॉरमॅट दिला की प्रत्येक आज्ञेपुढे तारीख-वेळ दिसते. हिस्टकंट्रोलला इग्नोरबोथ, म्हणजे लागोपाठ तीच आज्ञा दिली तर एकदाच नोंद होते आणि सुरुवातीला एक स्पेस दिली तर नोंदच होत नाही. आज्ञेत पासवर्ड लिहायची वेळ आली तर मी ती स्पेस न विसरता देतो.

आणखी एक ओळ आमच्या गावाने शिकवली. बॅश हिस्ट्री फाइलीत लिहितो ती शेल बंद होताना. आमच्याकडे शहाद्याला वीज जाते ती विचारून जात नाही, आणि मग दिवसभराचं सगळं जातं. म्हणून प्रॉम्प्ट कमांडमध्ये (दर वेळी प्रॉम्प्ट दिसण्याआधी बॅश जे चालवतो त्यात) 'हिस्ट्री डॅश ए' ठेवलं आहे. दर एंटरला ताजी ओळ फाइलीत जाते.

---

तिरफळ
मंगळवार, सकाळी ७:५०

सातपुडाकाका, 'हिस्ट्री डॅश ए' आजच घातलं. मी मडगावला एका ग्रंथालयाच्या कॅटलॉगचं काम बघते, तेही मराठी-कोंकणीच. 'ते' वाचून इतकं बरं वाटलं! मला वाटायचं हे फक्त माझंच होतं.

माझा प्रश्न: एलियास घरच्या मशीनवर व्यवस्थित चालतात. ग्रंथालयाच्या सर्व्हरवर तीच फाइल ठेवली, पण एसएसएचने, म्हणजे दुरून, आत गेले की एकही एलियास नसतो. तिथे गेल्यावर हाताने 'बॅश' टंकलं की सगळे येतात. असं का?

---

रातपाळी
मंगळवार, सकाळी ८:३०

तिरफळताई, एसएसएचने मिळतो तो लॉगिन शेल. तो बॅशआरसी वाचत नाही. तो आधी डॉट बॅशप्रोफाइल शोधतो, ती नसेल तर डॉट बॅशलॉगिन, तीही नसेल तर डॉट प्रोफाइल. या तिघांतली जी पहिली सापडेल ती वाचतो आणि थांबतो. डेबियन-उबुंटूच्या डॉट प्रोफाइलमध्ये 'बॅशआरसी वाच' अशी ओळ असते, म्हणून एरवी सगळं चालतं. पण कुणी, किंवा एखाद्या इन्स्टॉलरने, बॅशप्रोफाइल तयार केली की प्रोफाइलकडे कुणी बघतच नाही. तुमच्या सर्व्हरवर ती आहे का पाहा. असेल तर तिच्यात बॅशआरसी सोर्स करणारी, म्हणजे वाचायला लावणारी, एक ओळ घाला.

मी नवी मुंबईत डेटा सेंटरमध्ये रात्रपाळी करतो. माझ्या फाइलीतली सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे प्रॉम्प्टचा रंग. चाचणीच्या मशीनवर हिरवा, खऱ्या कामाच्या मशीनवर लाल, मशीनचं नाव ठळक. पहाटे चारला दोन खिडक्या शेजारी शेजारी उघड्या असतात आणि दोन्ही सारख्याच दिसतात. एकदा मी चाचणीचा समजून खऱ्या सर्व्हरवरची सेवा बंद केली. दोन मिनिटांत परत सुरू केली, पण त्या दोन मिनिटांत पोटात जे कालवलं ते अजून आठवतं. त्या सकाळी घरी न जाता आधी रंग घातले.

रंगाचे संकेत पीएस-वनमध्ये (प्रॉम्प्ट कसा दिसेल ते ठरवणाऱ्या व्हेरिएबलमध्ये) घालताना ते उलट्या तिरक्या रेघेच्या चौकटी कंसात बंद करायला विसरू नका. नाहीतर बॅश ते संकेत दिसणारी अक्षरं समजून मोजतो. मग लांब आज्ञा पुढच्या ओळीवर न जाता त्याच ओळीच्या सुरुवातीवर चढते. ही खूण दिसली की कंसच तपासा.

आणि प्रॉम्प्टमध्ये देवनागरी घालू नका, कितीही मोह झाला तरी. काना, मात्रा, वेलांटी किती जागा घेते याबद्दल शेल आणि टर्मिनल यांचा हिशोब बऱ्याचदा जुळत नाही, आणि तोच चढण्याचा त्रास सुरू होतो.

---

तिरफळ
मंगळवार, सकाळी ९:०५

होती! बॅशप्रोफाइल होती, आत एकच ओळ, कुठल्याशा इन्स्टॉलरची. सोर्सची ओळ घातली, सगळे एलियास आले. देव बरें करूं!

---

रातपाळी
मंगळवार, सकाळी ९:२०

छान. आता त्या सर्व्हरवरच्या बॅशआरसीत 'स्वागत आहे' वगैरे छापणारी एको असेल तर ती काढा. फाइली पाठवणारे एसएफटीपी आणि आरसिंकसुद्धा पलीकडे तुमचा शेल सुरू करतात, आणि त्यांना अपेक्षित संवादाच्या आधी ती ओळ मिळाली की ते तुटतात. एसएफटीपी तर 'फार लांब संदेश आला' असं म्हणतं. एकाने तीन दिवस नेटवर्कला दोष दिला होता, कारण होती एक एको. छापायचंच असेल तर शेल इंटरॅक्टिव्ह आहे का हे आधी तपासून मग छापा. उबुंटूच्या मूळ फाइलीत ती तपासणी सगळ्यांत वर असते, म्हणून आपल्या ओळी तिच्या खाली लिहायच्या.

बॅशआरसी बदलताना एक जुनी खिडकी उघडी ठेवा. नव्या खिडकीत सगळं ठीक दिसल्यावरच जुनी बंद करा. अगदीच अडकलात तर 'बॅश डॅश डॅश नोआरसी' म्हणून आत जाता येतं.

---

सातपुडा
मंगळवार, सकाळी १०:००

रातपाळी, शेवटच्या वाक्याला एक इशारा जोडतो. नोआरसीने उघडलेल्या शेलला आपले हिस्ट्रीचे आकडे माहीत नसतात. तो मूळचे ५०० धरतो आणि बाहेर पडताना हिस्ट्री फाइल तेवढ्यावर छाटतो. माझी तीन वर्षांची हिस्ट्री अशीच गेली. उपाय सोपा आहे: बॅशआरसीत हिस्टफाइलला वेगळं नाव द्यायचं. मग नोआरसीवाला शेल मूळच्या नावाची फाइल छाटत बसतो आणि आपली सुखरूप राहते.

---

कृष्णाकाठ
मंगळवार, दुपारी २:३०

मी सांगलीत कॉलेजच्या लॅबमध्ये मुलांना लिनक्स शिकवते. उचललेल्या बॅशआरसीत हमखास दिसणारी एक ओळ आहे, तिच्याबद्दल बोलायचं आहे: एलियास आरएम म्हणजे 'आरएम डॅश आय'. पुसण्याआधी विचारणारी. वर्षभर मुलगा आरएम टंकतो, प्रश्न येतो, तो वाय दाबतो. हळूहळू त्याच्या हाताला असं वळण लागतं की आरएम म्हणजे आधी विचारणारं काहीतरी. मग तो दुसऱ्याच्या मशीनवर बसतो. तिथे तो एलियास नसतो आणि आरएम काही न विचारता पुसून मोकळा होतो. आमच्याकडे एका मुलीचा प्रकल्प सबमिशनच्या आदल्या संध्याकाळी असाच गेला. रडली नाही ती, नुसती पडद्याकडे बघत बसली. मी शेजारी होते.

तेव्हापासून मी सांगते की जुन्या आज्ञेचं वागणं बदलू नका, नवं नाव द्या. आमच्या लॅबमध्ये 'टाक' नावाचं फंक्शन आहे. आतून ते 'गिओ ट्रॅश' चालवतं, म्हणजे फाइल कचरापेटीत जाते आणि परत काढता येते. दुसऱ्या मशीनवर 'टाक' नसलं तर बॅश म्हणतो अशी आज्ञा नाही. फाइल जागच्या जागी राहते.

याच विचाराने 'सेट डॅश ओ नोक्लॉबर' ही ओळही मी सगळ्यांना घालायला लावते. मोठं-पेक्षाच्या चिन्हाने आउटपुट फाइलीत पाठवताना असलेली फाइल पुसली जात नाही, बॅश अडवतो. खरंच पुसायची असेल तर चिन्हापुढे उभी रेघ द्यायची.

---

अक्षरजुळारी
मंगळवार, रात्री ९:१०

कृष्णाकाठताई, माझ्या फाइलीत आरएमची ती ओळ होती. आज काढली आणि 'टाक' घेतलं. उचललेल्या नकोत म्हणालो होतो, पण ही समजून घेतली आहे. सातपुडाकाका, तुमचा हिशोब बरोबर निघाला. माझं 'वर्षभर' म्हणजे साधारण तीन आठवडे होते.

मराठी फाइलनावांबद्दल दोन गोष्टी, तिरफळताईंना उपयोगी पडतील. गिट स्टेटसमध्ये मराठी नावांच्या जागी ३४०, २४४, २४५ अशा आकड्यांच्या माळा दिसत असतील तर गिट कॉन्फिगमध्ये कोअर डॉट कोटपाथ फॉल्स करा. नावं देवनागरीत दिसायला लागतात. दुसरी गोष्ट म्हणजे लिनक्सवर फाइलनावाला २५५ बाइटची मर्यादा असते आणि यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. काना, मात्रा, हलन्त हे सगळं वेगळं मोजायचं. 'ज्ञानेश्वरी' डोळ्यांना चार अक्षरं दिसतात, पण ती अकरा चिन्हं आहेत, म्हणजे ३३ बाइट. एकूण ८५ चिन्हांत नाव संपतं. लेखकाने अख्खं शीर्षक, उपशीर्षक आणि 'अंतिम सुधारित' असं नाव दिलं की कॉपी अडते ती यामुळे.

---

दूरदेशी
मंगळवार, रात्री ११:४५

मी म्यूनिकहून लिहितो, मॅकवर. इथले मॅकवाले मराठी वाचत असतील तर: २०१९ च्या कॅटालिनापासून मॅकवर झेडशेल मूळचा आहे. सोबत बॅश मिळतो तो ३.२, २००६ सालचा. पुढच्या आवृत्त्यांचा परवाना जीपीएल-३ झाला आणि अ‍ॅपल तिथेच थांबलं. त्यामुळे वर सांगितलेलं उणे एक मॅकच्या बॅशवर चालणार नाही. झेडशेलमध्ये सेव्हहिस्टला मोठा आकडा आणि 'सेटऑप्ट शेअर हिस्ट्री'. मग सगळ्या खिडक्यांना एकच हिस्ट्री मिळते.

मी आधी एक मोठा तयार संच बसवला होता, शेकडो प्लगिनांचा. खिडकी उघडायला दीड-दोन सेकंद लागायचे. झेडप्रॉफ नावाचं, कशाला किती वेळ लागतो ते मोजणारं मोड्यूल फाइलीच्या वर चढवलं आणि शेवटी त्याचा अहवाल काढला, तर त्यातल्या तीनच गोष्टी मी वापरत होतो. त्या ठेवल्या.

---

रातपाळी
बुधवार, पहाटे ४:२०

अक्षरजुळारी, 'बऱ्याच'चं कोडं सुटलं. पाळी शांत होती, म्हणून माझ्याकडच्या दोन मराठी फाइलींतला तो शब्द एक्सएक्सडीमधून (फाइलीतले बाइट दाखवणाऱ्या आज्ञेतून) काढून बाइट शेजारी शेजारी ठेवले.

हा अर्धा र तीन तऱ्हांनी लिहिला जातो. एक, ऱ हे स्वतंत्र चिन्ह आणि त्यावर हलन्त. दोन, साधा र, खाली नुक्ता, मग हलन्त. तीन, साधा र, हलन्त आणि त्यापुढे झेडडब्ल्यूजे म्हणजे जोडणारं अदृश्य चिन्ह. त्याचे बाइट ई२ ८० ८डी. पडद्यावर तिन्ही सारखेच दिसतात. ग्रेप बाइट जुळवतो, दिसणं नाही. कोणता कळफलक, कोणतं सॉफ्टवेअर, त्यावर कुठलं रूप येणार ते ठरतं.

'शोध' नावाचं फंक्शन करा. दिलेल्या शब्दात या तिन्हीपैकी काहीही असलं तर सेडने (मजकुरात बदल करणाऱ्या आज्ञेने) त्या जागी कंसात तिन्ही रूपं, मध्ये उभ्या रेघा, असा गट ठेवायचा. मग ते ग्रेप डॅश ई (मोठ्या लिपीतला ई) ला द्यायचं. पाच ओळींचं काम आहे.

---

कृष्णाकाठ
बुधवार, सकाळी ८:००

रातपाळीदादा, फार छान. एक भीती वाटते, म्हणून लगेच लिहिते. 'अदृश्य चिन्हं काढून मजकूर स्वच्छ करा' अशी सेडची ओळ पुष्कळ ठिकाणी फिरते. इंग्रजीसाठी ठीक आहे. मराठीत तिसऱ्या रूपातलं ते अदृश्य चिन्ह काढलं की मागे उरतो र आणि हलन्त, आणि त्याचा होतो रफार. आचाऱ्यांना वाढायला सांगितलं होतं, त्याचं आचार्यांना वाढायला सांगितलं होईल. शुद्धलेखन तपासणारं सॉफ्टवेअरही अडवणार नाही, कारण दोन्ही शब्द बरोबरच आहेत.

---

अक्षरजुळारी
बुधवार, सकाळी ८:४०

ताई, तुमचं वाचलं आणि तडक बॅशआरसी उघडली. ती ओळ आहे माझ्याकडे. एकशे चाळिसाव्या ओळीवर, 'क्लीन' नावाच्या फंक्शनमध्ये. चार-पाच वर्षांपूर्वी कुठल्याशा इंग्रजी लेखातून घेतलेली. लेखकांच्या प्रत्येक फाइलीवर मी ती चालवत आलो आहे. काढली आत्ता. जुन्या कामांत काय झालं ते शोधतो. संध्याकाळी लिहीन.

---

सातपुडा
बुधवार, सकाळी ९:१५

लेखकांच्या मूळ फाइली ठेवल्या आहेत ना?

---

अक्षरजुळारी
बुधवार, रात्री १०:३०

मूळ फाइली आहेत काका, सगळ्या. मी त्यांना कधी हात लावत नाही, काम प्रतीवर करतो. तिथेच वाचलो.

आज दुसरं काही केलं नाही. आधी 'शोध' लिहिलं. रातपाळींनी सांगितलं तसंच, पाच ओळींत झालं. मग सगळ्या मूळ फाइलींतून तिसऱ्या रूपाचे शब्द काढले, त्यांची यादी केली, आणि माझ्या प्रतींत त्या जागी काय आहे ते डिफने पाहिलं. बहुतेक पुस्तकांत मुद्रितशोधकांनी ते पकडून दुरुस्त केलं होतं. 'बर्याच', 'सार्या' हे डोळ्यांना खुपतात. त्यांना मी इतकी वर्षं सांगत होतो की लेखकच असं टंकतात. उद्या सकाळी दोघाही मुद्रितशोधकांना फोन करणार आहे.

सुटले ते ताई म्हणाल्या तसलेच, म्हणजे दोन्हीकडून बरोबर असणारे. सह्याद्रीतल्या भटकंतीचं एक पुस्तक सध्या दुसऱ्या आवृत्तीसाठी माझ्याकडेच आहे. त्यात सतरा ठिकाणी 'दर्या' सापडला. सतराही जागा एकेक करून वाचल्या. चौदा ठिकाणी लेखकाने 'दऱ्या' लिहिलं होतं. 'पावसाळ्यात या दऱ्या ढगांनी भरून जातात' याचं माझ्या प्रतीत 'या दर्या ढगांनी भरून जातात' झालं होतं. ते चौदा सुधारले. उरलेले तीन हरिहरेश्वरच्या प्रकरणातले. तिथे खरोखर दर्याच आहे, ते तसेच ठेवले.